पाणी म्हण

पोलादपूर
१९-२-८१

चि. मंजुळा हिस,
सप्रेम जयभीम.

हॉस्पिटलच्या पत्त्यावर पत्र टाकतोय, कारण तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. लग्नानंतर तू कळवला नाहीस आणि आम्हीही विचारला नाही.

गेल्या रविवारी महाडला शिबिर झालं. अपंगांचं वर्ष म्हणून मुंबईचे डॉक्टर येणार, न बोलणाऱ्या पोरांना तपासणार, असं फळ्यावर वाचलं आणि यशीला घेऊन पहिल्या एस.टी.नं आलो. यशी म्हणजे माझी मुलगी यशोधरा. तू तिला कधी बघितलेली नाहीस. म्हणजे रविवारपर्यंत नव्हतीस.

कानांच्या मशीनचं झाल्यावर आम्हाला शेवटच्या टेबलावर, बोलणं तपासणाऱ्या बाईंकडे पाठवलं. तिथे तू. मी इतका खूश झालो की हाकच मारणार होतो. तेवढ्यात तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "मुलीचं नाव? तुम्ही वडील का?" मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तेव्हा तुझं पेन थांबलं होतं. मग तू पुढचा प्रश्न विचारलास. मीही "हो बाई, नाही बाई" करत राहिलो. चुलत का होईना, सख्ख्यासारखे दासगावच्या वस्तीत एका घरात वाढलेले आपण, आणि टेबलाच्या दोन बाजूंना परके.

तुला बोल लावायला लिहीत नाही. मी तरी काय वेगळं केलं? तुझ्या शेजारच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" मी म्हणालो, "मजुरी." मास्तर आहे म्हणायला जीभ उचलली नाही. आंबेनळीच्या रस्त्यावरच्या शाळेत मी चारही वर्ग एकटा सांभाळतो. दुसऱ्यांच्या पोरांना मुळाक्षरं शिकवणाऱ्याची स्वतःची पोर सहाव्या वर्षी 'आ' आणि 'बा'च्या पुढे जात नाही, हे चारचौघांत कसं सांगायचं? शाळा तपासणारे साहेब आमच्या वाडीवरून जाणार असले की मी तुझ्या वहिनीला, चंपाला सांगून ठेवतो, यशीला रस्त्यावर येऊ देऊ नको.

तू कागदावर लिहून दिलंस, 'कान चांगले आहेत, दर आठवड्याला मुंबईला आणावे.' मंजू, ते जमणारं नाही. मी नसलो की शाळेला कुलूप. घरी काय करायचं ते पत्रानं सांग. यशीला सांगितलेलं बहुतेक कळतं. आयची मिशेरीची डबी आणून देते, कोंबड्या झाकते. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं आहे, तोवर चार शब्द तरी यायला हवेत. तू सांगशील ते अक्षरशः करीन.

आय तुझी आठवण काढते. तू शिबिरात होतीस हे तिला सांगितलेलं नाही.

तुझा दादा,
काशीराम

*

मुंबई
६-३-८१

दादास नमस्कार.

पत्र मिळालं. शिबिरात इतकी गर्दी होती की डोकं वर काढायला फुरसत नव्हती. तू दाढी ठेवली आहेस, त्यात माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय, त्यामुळे ओळखता आलं नाही. राग मानू नकोस.

यापुढे हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिहू नकोस. तिथली पत्रं सगळ्यांच्या टेबलांवरून फिरत येतात. घरचा पत्ता खाली देते आहे. पोस्टकार्डही नको, अंतर्देशीय टाक.

आता यशोधराबद्दल. तिचे कान चांगले आहेत, समजही दिसते. अशी मुलं आम्ही रोज बघतो. तिनं नुसतं बोट केलं की तुम्ही वस्तू हातात देता, मग तिला बोलायची गरजच काय? लाडांनी मूल मुकं राहतं. आजपासून ते बंद करायचं. तिला आवडणारी एक वस्तू निवड. ती वस्तू तोंडासमोर धरून शब्द स्पष्ट म्हण. तिच्या तोंडून उच्चार आल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. ती रडेल, तुम्ही विरघळायचं नाही.

दुसरं, घरातली भाषा. काकी आणि वहिनी 'पानी', 'हाय', 'नाय' बोलतात. शाळेत एक ऐकायचं आणि घरी एक, यात मूल गोंधळतं. तिच्या कानावर शुद्धच पडलं पाहिजे. तू मास्तर आहेस, तुला जड जाणार नाही.

महिन्याभरानं काय फरक पडला ते कळव.

मंजुळा

*

पोलादपूर
२९-३-८१

चि. मंजुळास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि लगेच कामाला लागलो. बिस्किट निवडलं. समोर धरलं, म्हटलं, "बिस्किट." रडली, लोळली, मी हललो नाही. आणि मंजू, आठवड्याच्या आत तिच्या तोंडून 'बि' आलं! स्पष्ट 'बि'! मी तिला उचलून शेजारच्या भिकाजीकडे घेऊन गेलो, त्याच्या बायकोसमोर म्हणायला लावलं. तिथे नाही म्हणाली, पण घरी आल्यावर पुन्हा म्हणाली.

पुढे मात्र गाडी अडली. 'बि'च्या पुढे सरकेना. मी म्हटलं आता पूर्ण शब्दच पाहिजे, तर तिनं बिस्किट मागायचंच सोडलं. पुडा उघडला की उठून कोंबड्यांकडे जाते. याला काय करायचं?

भाषेचं मात्र छान जमलं आहे. मी दोघींना समजावून सांगितलं. आय आता यशीसमोर तोंडच उघडत नाही, म्हणते, "माझ्या बोलन्यानं पोर बिगडंल." चंपाही अगदी मोजकं बोलते. त्यामुळे घरात यशीच्या कानावर फक्त माझे शब्द पडतात, आणि ते शुद्ध असतात.

चंपा म्हणते, पोर हिरमुसली आहे, पुरे करा. मी तिला म्हटलं, तुला काय कळतं, मंजूनं त्यातली पदवी घेतली आहे.

उत्तर लवकर पाठव. सुट्टी लागली की मला दिवसभर वेळ आहे.

काशीराम

*

मुंबई
१८-४-८१

दादास नमस्कार.

घाईत लिहिते आहे, उद्या दुसऱ्या शिबिराला निघायचं आहे.

'बि' आलं म्हणजे तिला बोलता येतं. ती हट्ट करते आहे. बिस्किटाशिवाय तिचं चालतं, म्हणून ती जिंकते. जिच्याशिवाय चालणार नाही अशी वस्तू घे. पाणी घे. शब्दही सोपा आहे, दोन अक्षरांचा. उन्हाळा आहे, दिवसातून कितीतरी वेळा सराव होईल. पण घरातले सगळे एक व्हा. एकानं जरी न बोलता पाणी दिलं तर तुझी सगळी मेहनत वाया जाईल.

मंजुळा

*

सव
२४ मे ८१

मंजुळा वन्सं यांस चंपाचा जयभीम.

मी चौथी शिकलेली हाय, चुकलंमाकलं समजून घ्या. तुमचा पत्ता मास्तरांच्या पेटीतल्या पत्रावरून उतरून घेतला व्हता. मास्तर आता काय लिवतील असं वाटत नाय, म्हणून मी लिवते.

तुमचं पान्याचं पत्र आलं तेवा शाळेला सुट्टी लागायला आलेली. सुट्टी लागली नि मास्तरांनी मडक्यावर झाकण घातलं, झाकणावर वरवंटा ठेवला, नि आमाला दम दिला, पोरीला मी सोडून कुनी पानी द्यायचं नाय. पोर तांब्या घेऊन येई नि 'आ' करी. मास्तर म्हणत, "पाणी म्हण." ती त्यांच्या तोंडाकडं बगे, ओठ हलवी. "पाणी म्हण." आवाज निघे तो 'आ'च. मंग रडे. रडून दमली की मास्तर घोटभर देत. घोटभरच, पुन्ना तहान लागावी म्हणून. मी परसात नेऊन चोरून पाजी, तर एकदा त्यांनी बगितलं नि माझ्याशी बोलायचे बंद झाले.

सासूबाय उठल्या, म्हणल्या, "काशीराम, तुझा आजा चवदार तळ्यावर ग्येला नि टाळकं फोडून घेऊन घरी आला. कशापाई? आन् आज आपल्याच घरात आपल्याच पोरीला पानी नाय?" मास्तरांचं तोंड काळंठिक्कर पडलं. पन म्हणले, "आये, मंजूनं लिवलंय. ती शिकलेली हाय."

एका दुपारी मी लाकडांना गेलेली. सासूबाय पडल्या व्हत्या, मास्तर पेपर वाचत बसलेले. त्यांना वाटलं पोर शेजारी खेळते. मी आले तर पोर नाय. भिकाजीभावजी, मास्तर, समदी वाडी हुडकाया लागली. सावित्री नदीला तेवा धार नसते, डोहात हिरवं पानी ऱ्हातं, म्हशी बसतात तितं. तितं गावली. पालथी पडून प्याली व्हती नि तितंच उलट्या करून पडली व्हती. वन्सं, तिला हाक मारायला येत नाय. कुनाला हाक मारील ती?

महाडला दवाखान्यात ठेवली. हाताची शीर गावंना, मंग पायाला सलायन लावली. वाचली.

तितूनच मी तिला घेऊन माझ्या आयकडं सवला आले. मास्तर महाडच्या ष्ट्यांडपर्यंत आले. गाडी सुटेस्तवर खिडकीखाली उभे व्हते. पोरीनं तोंड फिरवलं.

आता ती खुना बी करत नाय. आदी बोट दावायची, हात धरून ओढायची. आता तांब्या पुढं केला तर दोनी हात पाठीमागं घेते नि आमच्या तोंडाकडं बगत ऱ्हाते.

मी भांडायला लिवलं नाय. एकच इचारायचं हाय. तुमी पोरीला किती येळ बगितली व्हती?

चंपा

*

मुंबई
२-६-८१

चंपावहिनी,
सप्रेम जयभीम.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. एक कागद भरायला लागतो तेवढा वेळ. त्यातलाही बराच वेळ मी कागदाकडे बघत होते, कारण मान वर केली की समोर दादा दिसत होता.

मी त्याला ओळखलं होतं. दाढी आणि चष्मा या नुसत्या सबबी.

त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आमच्यातले एक डॉक्टर म्हणाले होते, "या वस्त्यांमधल्या बायका पोरांशी बोलतच नाहीत. मग पोरं मुकी राहिली तर नवल काय!" सगळे हसले. मी हसले नाही, पण मान डोलावली. मी कुठल्या वस्तीतली ते तिथे कुणालाच ठाऊक नाही. नोकरीला लागल्यापासून मी ते ठाऊक होऊच दिलेलं नाही. थोड्या वेळानं त्याच डॉक्टरांच्या शेजारी मी बसले होते आणि दादा पोरीला कडेवर घेऊन समोर आला. मी 'दादा' म्हटलं असतं तर एका शब्दात सगळं उघडं पडलं असतं. म्हणून 'तुम्ही वडील का' म्हटलं. मग घरी बसून पत्रात लिहिलं, लाडांनी मूल मुकं राहतं. घरच्यांमुळेच पोरं मुकी राहतात, हे त्या डॉक्टरांचंच म्हणणं होतं, मी फक्त फिरवून लिहिलं.

यशीला मी तपासलंच नव्हतं. तिला किती कळतं, काय कळत नाही, ती कशी खेळते, कशी मागते, हे बघितल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नसतं, हे आमच्या अभ्यासात पहिल्या वर्षी शिकवतात. पाणी, जेवण, झोप यांना हात लावायचा नसतो, हेही.

तुमचं पत्र मी आमच्या विभागाच्या मुख्य बाईंना वाचून दाखवलं. कोण, कुठली, माझं नातं काय, सगळं सांगितलं. त्यांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "परक्याच्या मुलीला तरी तू असं सांगितलं असतंस का?" सांगितलं असतं, वहिनी. बहुतेक सांगितलं असतं. त्याची मला जास्त भीती वाटते.

मी रजा टाकली आहे. सवला येऊ का? तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही. आले तर यशीला हात लावणार नाही, तुम्ही सांगाल तेवढंच करीन.

मंजुळा

*

पोलादपूर
१४-६-८१

चि. मंजुळास,
सप्रेम जयभीम.

चंपानं तुझं पत्र माझ्याकडे पाठवलं. सोबत तिचं काही नव्हतं, नुसतं तुझंच पत्र घडी घालून. तिनं तुला ये म्हणून कळवलं असेल अशी आशा करतो.

तू सगळं आपल्या डोक्यावर घेऊ नकोस. पाणी घे, असं तू लिहिलंस. वरवंटा ठेव, असं लिहिलं नव्हतंस. तो मी ठेवला. घोटभरच द्यायचं, हेही माझंच. दुसऱ्या दिवसापासून मला शब्द नकोच होता, मंजू. मला जिंकायचं होतं. सहा वर्षांच्या पोरीशी. वर्गात एखादा पोरगा अडून बसला की मला जे होतं, तेच झालं. आणि तो शब्द मला पुण्यामुंबईच्या माणसासारखा हवा होता. 'पानी' नको, 'पाणी'. म्हणजे ती पहिल्यांदा बोलेल तेव्हा कुणी हसू नये.

डोहावर मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. मला बघून तिनं काय केलं सांगू? तोंड पुसलं. पाणी प्यायल्याचं दिसू नये म्हणून.

शाळा सुरू झाली आहे. पोरं पाण्याला जाऊ का विचारतात, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नाही. आय स्वयंपाक करते, ताट वाढते आणि बाहेर जाऊन बसते. सवला जावं असं रोज वाटतं. महाडपर्यंत गेलो होतो एकदा. स्टँडवर चहा प्यालो आणि परत आलो.

तू गेलीस तर पोर कशी आहे तेवढं लिही.

काशीराम

*

सव
३०-६-८१

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

वहिनींनी 'या' एवढाच एक शब्द लिहिला होता. मी पंधरा दिवसांपासून इथे आहे.

पहिले काही दिवस मी काहीच केलं नाही. वहिनी यशीला घेऊन गरम पाण्याच्या झऱ्यांवर धुणं धुवायला जातात, मीही जात होते. यशी कट्ट्यावर बसून खालच्या डबक्यात खडे टाकायची. मी लांब बसायचे. तिचा खडा पडला की मी म्हणायचे, "बुडुक." एवढंच. तिच्याकडे बघायचं नाही, काही मागायचं नाही. एक दिवस तिनं खडा हातात धरला आणि टाकलाच नाही. वळून माझ्याकडे बघितलं. मी 'बुडुक' म्हणायची वाट बघत होती! मी म्हटलं, तिनं टाकला. मग सकाळभर आम्ही तेच केलं. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण एका मुलानं माझ्याकडे असं बघावं म्हणून मी कधी एवढी थांबले नव्हते.

मग तिला नीट तपासलं, सावकाश, खेळता खेळता. तुला खरं ते लिहिते. 'कोंबडी टोपलीखाली झाक' म्हटलं तर ती झाकते, कारण रोज तेच करते. 'टोपली दारात ठेव' म्हटलं तरी ती कोंबडीच झाकते. तिला शब्द ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ डोक्यात बसत नाही. ती माणसांच्या डोळ्यांवरून, हातांवरून ओळखते, आणि इतकं छान ओळखते की आपल्याला वाटतं सगळं समजलं. हा हट्ट नाही, लाड नाही, आळसही नाही. हा भाषेचाच दोष आहे, जन्मापासूनचा, त्यात तुमच्या दोघांची काही चूक नाही. पूर्ण बरा होईल असं मी लिहिणार नाही. ती बोलेल, उशिरा, तुटक, तिच्या वेळेनं. तोवर तिच्या खुणा हीच तिची भाषा आहे. त्या मोडायच्या नाहीत. तिनं खूण केली की वस्तू द्यायची आणि देताना शब्द म्हणायचा, तिनं परत म्हणावा असा आग्रह न धरता.

शुद्ध बोलण्याचं जे लिहिलं होतं ते विसर. काकीला सांग, पहिल्यासारखी भरपूर बोल. पोरीला शब्द आधीच कमी पडत होते, त्यात मी तिच्या आयचे आणि आजीचे शब्द काढून घ्यायला लावले.

ती आता स्वतःहून पाणी पिते. प्रत्येक वेळी आधी आमच्या तोंडाकडे बघते. ते जायला वेळ लागेल.

खुणा परत आल्या आहेत. आता तिनं माणसांनाही खुणा ठेवल्यात. दातांवरून बोट फिरवलं की काकी. मनगटावर दोन बोटं गोल फिरवली की वहिनी, म्हणजे बांगड्या. मी म्हणजे डोळ्यांवर धरलेली बोटांची दोन कडी. तुलाही खूण आहे. ती मी लिहिणार नाही, दादा. ये आणि बघ. तिला शिकवायला येऊ नकोस, नुसता बस.

काल इथल्या बायकांनी विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, मास्तरांची बहीण, दासगावची. मुंबईत हे सांगायला मला अजून धीर होत नाही. परत गेल्यावर होईल की नाही, ठाऊक नाही.

मंजू

*

पोलादपूर
५ जानेवारी ८२

मंजुळा वन्सं यांस जयभीम.

आमी दिवाळीनंतर घरी आलो. तुमी दोनदा येऊन दावून ग्येलात तसं समदं चाललंय. सासूबाय पोरीला मांडीवर घेऊन दिसभर बडबडत असतात, कोंबड्यांच्या, भुताखेतांच्या, कशाकशाच्या गोष्टी.

मोटी बातमी. यशी बोलली. मी तिला आंगोळीला बोलावलं, ती म्हणली, "नाय."

साफ बोलली. मी म्हणलं, काय म्हणलीस गो? ती म्हणली, "नाय." मंग जेवतेस का, नाय. बाजारात येतेस का, नाय. समद्याला नाय. सासूबाय हसून हसून रडल्या. मास्तरांनी इचारलं, "मी तुजा बा हाय ना?" तर त्यांना बी नाय. ते उठून परसात ग्येले.

तुमी बी पयल्यासारकं या. रजा नसंल तर नुसतं पत्र लिवा.

चंपा

*

पोलादपूर
११-७-८२

प्रिय मंजू,
सप्रेम जयभीम.

गेल्या वर्षी तू लिहिलंस म्हणून मी सवला गेलो, आणि त्याबद्दल तुला आजवर काही लिहिलं नाही. आज लिहितो.

मी दारात पोचलो तेव्हा यशी अंगणात होती. मला बघितलं आणि घरात पळाली, तिच्या आजीला सांगायला. मी उंबऱ्यातून बघितलं. तिनं डाव्या हाताची वाटी केली, त्यावर उजवा तळवा झाकला आणि तो वरून दाबला, जड काहीतरी ठेवल्यासारखा. मग दाराकडे बोट केलं. म्हणजे तो आला. झाकणवाला.

चंपानं माझ्याकडे बघितलं नाही. मी ओट्यावर बसलो, चहा घेतला नाही, तासाभरानं उठलो. महाडपर्यंत चालत आलो. वाटेत माझे स्वतःचे हात तीच खूण करून बघत होते.

तरी पुढच्या रविवारी गेलो. तू म्हणाली होतीस तसा नुसता बसलो. दर रविवारी जायचो. पावसाळा सरत आला तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. बाकी तुला चंपा लिहितेच.

या जूनमध्ये तिला माझ्याच शाळेत पहिलीत घातलं. सकाळच्या गाडीनं दोघं जातो. हजेरी घेताना तिचं नाव आलं की मी थांबतो, ती हात वर करते. पहिल्या दिवशी पोरं हसली. गोमाजीची तुळसा तिच्या शेजारी बसते, चौथीतली. तिनं आठ दिवसांत यशीच्या सगळ्या खुणा उचलल्या आणि वर्गाला शिकवल्या. आता मी फळ्याकडे वळलो की मागे सगळी शाळा हातांनी बोलत असते.

परवा मी बाहेर पालकांशी बोलत होतो. आत एक लहान पोरगं पडलं, गुडघा फुटला. यशी दारात आली आणि तीच खूण करून मला बोलावलं. तुळसा मागून ओरडली, "गुरुजी, यशी तुमाला हाक मारते!" दोन पालक होते, मालोजी आणि जानू. त्यांच्यासमोर तिनं विचारलं, "गुरुजी, समद्यांच्या खुना कळल्या. तुमची खून झाकण का वो?"

चष्मा, बांगड्या, मिशेरी सांगता येते. याला काय सांगायचं? खोटं तयार होतं जिभेवर. डबा झाकतो म्हणून, असं काहीतरी. यशी माझ्या तोंडाकडे बघत होती, ती नेहमी बघते तशी. तिला माझे शब्द कळले नसते. पण खोटं बोलताना माझा चेहरा कसा होतो, ते तिला कळलं असतं.

मी म्हणालो, "मी एकदा तिचं पाणी झाकून ठेवलं होतं. ती पाणी म्हणत नव्हती म्हणून."

मालोजीनं मान खाली घातली. तुळसा म्हणाली, "पन गुरुजी, तिला तर येत नाय ना."

"हो," मी म्हणालो. "येत नाही."

मग आत जाऊन त्या पोराचा गुडघा बांधला.

हे पत्र मी तुला एक विचारायला घेतलं होतं. ही खूण बदलता येईल का, दुसरी एखादी शिकवता येईल का, तुमच्या शास्त्रात काही आहे का. दाढीची चालली असती. पत्र अर्धं झालं तेव्हा चंपाला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरीनं आपल्या बुद्धीनं ठेवलेलं नाव हाय. तुमाला आवडत नाय म्हणून तिनं पुन्ना नवा शब्द शिकायचा?"

तेव्हा ते विचारत नाही.

हे लिहितोय आणि ती दारात येऊन उभी आहे. तिला बाहेर काहीतरी दाखवायचं आहे. हाताची वाटी करून वर तळवा दाबते आहे, मी बघत नाही म्हणून पुन्हा पुन्हा, जोरानं. मी "ओ" म्हणालो आहे. उठतो.

काशीराम